पाय गरम हायेत का?

गोरसी बुढ्याचे तळहात बाराही महिने गरम असायचे. उबदार नव्हे, गरम. पौषातल्या सकाळी गावच्या तलावात छातीभर पाण्यातून जाळं ओढून तो बांधावर यायचा, तेव्हा दात वाजत असायचे, ओठ जांभळे पडलेले असायचे आणि हात मात्र चहाच्या भरल्या ग्लासासारखे. मी खांबावर चढणारा लाइनमन. आमच्या धंद्यात हाताला अवचित काही गरम लागलं की माणूस आधी मागे उडी मारतो, विचार नंतर करतो. पहिल्या भेटीत त्याने ओळख म्हणून माझा हात धरला, मी सवयीने उडी मारली आणि थेट तलावाच्या गाळात बसलो. बुढा वरून बघत म्हणाला, "बस गा, बस. नवा वायरमन पाण्याची खोली पाहून राह्यला वाट्टे."

गोरसी म्हणजे मातीचं पसरट, जाड काठाचं भांडं. त्यात निखारे भरून आमच्या भागातली माणसं हिवाळ्यात हातपाय शेकतात. ह्या माणसाला ते नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं. त्याचं खरं नाव रेशनच्या दुकानात तेवढं चालायचं. बाकी गावात सासुरवाशिणीपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांचा तो गोरसी बुढा. गंमत म्हणजे त्याच्या घरात गोरसी नव्हती. त्याचा मुलगा रामदास लहान असताना गोरसीवर पाय देऊन बसला होता. त्याच्या टाचेवर अजून रुपयाएवढा डाग आहे. त्या दिवशी बुढ्याने गोरसी उचलून तलावात फेकली. "आंगनात शेका, घरात नोको," असं तो सगळ्यांना सांगायचा. मग लेकराला घरात शेकायचं कशानं, असं विचारलं की स्वतःच्या छातीवर थाप मारायचा.

मी चंद्रपूर शहरातला. आमच्याकडच्या माणसाला उन्हाळा कळतो, हिवाळा कळत नाही. बदली होऊन सावली तालुक्यातल्या ह्या गावात आलो तेव्हा धानकटाई उरकली होती, तिन्ही बाजूंनी जंगल, एका बाजूला तलाव, आणि आम्हाला मिळालेली खोली टिनाची. दिवसा तापायची, संध्याकाळ झाली की टिनातून थंडी गळायची. आमचा बंटी वर्षाचा. मंदा, म्हणजे माझी बायको, त्याला तीन टोपडी घालून घेऊन बसायची आणि माझ्याकडे बघायची. बायको अशी बघायला लागली की नवऱ्याला शोध लागतात. मी मातीच्या ताटलीवर कॉइल बसवून एक शेगडी केली. आमच्या मीटरला ती झेपणार नव्हती, म्हणून, वीजचोरी पकडायला नेमलेल्या माणसाने, घरासमोरच्या खांबावर आकडा टाकला. शेगडी लाल झाली. मंदा पहिल्यांदा हसली. मग बाहेर एक मोठा आवाज झाला आणि सगळी गल्ली काळोखात गेली.

पुढचा तास मी खांबावर होतो. खाली अख्खा मोहल्ला जमून, कुण्या हरामखोरानं आकडा टाकला, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता आणि मी वरून "हो ना, काय लोक असतात" असं म्हणत होतो. गोरसी बुढा गर्दीत नव्हता. तो सरळ आमच्या खोलीत गेला होता. मी परतलो तेव्हा कंदिलाच्या उजेडात हा माणूस आमच्या बाजेवर उताणा पडलेला, बंडीची बटणं सोडलेली, छातीवर बंटी पालथा निजलेला आणि वरून गोधडी. मंदा कोपऱ्यात डोळे पुसत होती. बुढा हलक्या आवाजात म्हणाला, "आगीची गर्मी भायेरच्या भायेर उडते, भाऊ. लेकराच्या आंगाले आंग लागलं पायजे." मग जरा थांबून, "अन् तुह्या आकड्याची तार काढून घे. सकाळी उजेड पडन."

त्याने ते कुणालाही सांगितलं नाही. मला मात्र पुढे कुठेही भेटला की खांबाकडे बघून मान हलवायचा.

गावातल्या आयांना तो "जेवली का व?" असं विचारत नसे. "पाय गरम हायेत का?" हा त्याचा रामराम. पाणवठ्यावर, दुकानात, धानाच्या बांधावर, कडेवर लेकरू दिसलं की हा प्रश्न, आणि उत्तर यायच्या आत त्याचा हात लेकराच्या पावलावर. त्याच्या म्हणण्याप्रमाणे थंडी पायातून चढते, जशी भिंतीत ओल चढते. पाय गरम तर सगळं गरम. शिवाय लेकरासमोर हिव हा शब्द काढायचा नाही, नाव घेतलं की येतं. शिंकणाऱ्या लेकराचं तोंड तलावाकडे करायचं. पांढरं कुत्रं दारात बसू द्यायचं नाही. ह्यातलं खरं काय आणि खोटं काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी एकदा चेष्टेने विचारलं, "आबाजी, काळं कुत्रं चालतं का?" तर तो गंभीरपणे विचार करून म्हणाला, "काळं चालते. त्याले स्वतःलेच थंडी वाजत राह्यते."

त्याची नात सुमी जन्मली ती अशाच थंडीत, वेळेच्या आधी, मांजराच्या पिलाएवढी. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवसापासून ती आजाच्या छातीवर निजली. दूध पिण्यापुरती आईकडे, बाकी रात्र आजाकडे. भातकापणी झाली की घराघरांत तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग असतात. बुढा बाजेवर हातभर तणस पसरायचा, वर गोधडी, गोधडीवर स्वतः उताणा, छातीवर सुमी, आणि दोघांवर मिळून एक तपकिरी कोट. हा कोट त्याने मूल गावच्या बाजारातून जुन्या कपड्यांच्या ढिगातून आणला होता. एखाद्या लठ्ठ साहेबाचा असावा, कारण त्यात दोघं मावून वर बटणं लागायची आणि कॉलरमधून दोन डोकी बाहेर यायची. कूस बदलली तर पोर पडेल, म्हणून तो बदलतच नसे. पुढे पुढे तर सुमी जवळ नसतानाही त्याला कुशीवर निजता येईना. "माही कूस हरोली," असं तो सांगायचा, एखादी वस्तू बाजारात विसरल्यासारखं.

त्याच्यावर उपकार करायची मला फार हौस. मी त्याला खात्याकडून मिळालेला माझा जुना रेनकोट दिला, थंडीत वरून घालायला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रेनकोटाची व्यवस्थित घडी घालून घेऊन आला. आतून दोघंही घामाने निथळले होते आणि सुमीला घामोळं आलं होतं. "हे कोंबड्याइले दे, भाऊ," तो म्हणाला. "ते अंड्यात बसल्यावानी बसतीन." मी खरंच तो खुराड्यावर टाकला.

माझा दुसरा उपकार ह्याहून भारी. त्या भागातली अर्धी माणसं धान निघालं की तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि होळीच्या आधी परततात. मजुरीबरोबर मिरचीचं पोतंही आणतात. रामदासच्या घरी असलं एक रिकामं पोतं पडलेलं होतं. तलावात धुतलेलं, उन्हात वाळवलेलं, दिसायला स्वच्छ. मी त्यात तणस भरून, तोंड शिवून, सुमीसाठी मऊ गादी केली आणि ऐटीत नेऊन दिली. बुढा नेमका जाळं विणत बसला होता. शेवंताने, त्याच्या सुनेने, पोरीला गादीवर ठेवलं. थोड्या वेळाने सुमीने जो सूर लावला तो पाटलाच्या वाड्यापर्यंत गेला. पोरगी लाल. शेवंता शिंकते, मी शिंकतो, दारातली शेळी शिंकते. बुढ्याने पोरीला उचललं, ताकाने पुसलं, तेल चोळलं आणि मला म्हणाला, "वायरमन गा, टुरीले फोडणी देल्ली तू." पुढे महिनाभर गावात मला कुणी लाइनमन म्हणालं नाही. फोडणीवाले म्हणायचे.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, कारण पुढचं हसत सांगता येत नाही.

सुमी वर्षाची झाली त्या हिवाळ्यात रामदास आणि शेवंता मिरचीला निघाले. आदल्या वर्षी पोर तान्ही म्हणून शेवंता गेली नव्हती. ह्या वर्षी जाणार, आणि सुमीला घेऊन जाणार. तिकडे शेतातच राहायचं असतं. बांबूच्या कमानीवर प्लास्टिक ताणलेलं, खाली काळी माती, चारी बाजूंनी उघडं रान. गोरसी बुढा ते एकदा तरुणपणी पाहून आला होता. त्याच्या गरम तळव्यांना मिरची सोसली नव्हती. दोन-चार दिवसांत हातभर फोड आले आणि मुकादमाने त्याला परत पाठवलं. येताना तो सगळा रस्ता गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून बसला होता.

आता तो त्याच मुकादमाच्या मुलाकडे गेला. बापाच्या जागी आता तोच मुकादम होता. मला बरोबर नेलं, कारण मी खात्याचा माणूस. मी खात्याच्या आवाजात बोललो. मुकादम आमच्यासाठी चहा मागवून म्हणाला, "साहेब, गाडीत तोडनारे हात बसतात. बुढा काय तोडन?"

"मी नाई तोडत," बुढा म्हणाला. "मी टुरीले धरून बसतो. माह्या जेवनाचं मी पाह्यतो."

"अन् बसतो कुठी? पिकअपच्या टपावर?"

"टपावर बसतो."

मुकादम हसला. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याने नाहीच म्हटलं, आणि माझ्या खात्याच्या आवाजाचा मान ठेवून चहात जास्त साखर घातली.

मग बुढ्याने पोरीला इथेच ठेवून घ्यायचं ठरवलं. अंगावरचं दूध तोडायचं, पेज आणि वरणाचं पाणी सुरू करायचं, रात्री छाती आहेच. तो ते सांगायला उठला, आणि मी साक्षीला. शेवंता आंगणात भांडी घासत होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिने मान वर केली नाही. मग राखेचे हात तसेच ठेवून म्हणाली, "मामाजी, नऊ महिने म्या हिले पोटात गरम ठेवली ना? तेवा तं तुमी नोहते."

ती उठून उभी राहिली.

"जन्मली तवापासून एक रात माह्यापाशी नाई निजली. म्या दूध पाजाचं अन् तुमच्या हातात देवाचं. बाया हासतात मले. माय कोन, बुढा का मी? एक हिवाळा तं माह्यापाशी निजू द्या."

ती रडत नव्हती. रडली असती तर बुढ्याला उत्तर सुचलं असतं. मला काहीतरी बोलायची खाज सुटली होती, पण मंदाने कुंपणापलीकडून अशी नजर टाकली की आयुष्यात एकदाच मी वेळेवर गप्प बसलो. बुढा खाली बसला. "खरं हाये व," इतकंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शेवंताला बाजेपाशी बोलावलं. "चाल, तुले दाखोतो कसं निजाचं तं." स्वतः उताणा पडून त्याने दाखवलं. गुडघे किती वर, कोट कुठवर, पोरीचं नाक उघडं कसं ठेवायचं. शेवंताला हसू फुटलं. "मामाजी, माय कुशीवरच निजते. दूध पाजाचं राह्यते ना." बुढ्याने कपाळावर हात मारला. "हे तं माह्या ध्यानातच नाई आलं." जायच्या दिवसापर्यंत मग सुमी आईजवळ निजू लागली. आधी रडायची, आजाच्या बाजेकडे सरकायची. बुढा भिंतीकडे तोंड करता येत नाही म्हणून आढ्याकडे बघत पडायचा आणि हाक आली तरी ओ द्यायचा नाही. हळूहळू ती आईला बिलगली. त्याने ते मला येऊन सांगितलं. आनंदाची बातमी असल्यासारखं सांगितलं आणि चहा न पिता गेला.

निघायच्या दिवशी पिकअप चावडीपुढे उभी होती. बुढ्याने कोट शेवंताच्या अंगात घातला, सुमीला आत सरकवलं आणि बटणं आपल्या हाताने लावली. कॉलरमधून दोन डोकी बाहेर आली, पण आता त्यातलं एक त्याचं नव्हतं. "हात धुतल्याबिगर टुरीले लावू नोको. मिरचीचे हात पाण्यानं नाई जात. आधी तेल, मंग राख, मंग पानी. अन् पाय पाह्यत जाजो." शेवंता हो हो म्हणत होती. मी आपला वातावरण हलकं करायला म्हणालो, "रेनकोट देऊ का? खुराड्यावरून काढून आणतो." रामदास हसला, "थंडीत रेनकोट, फोडणीवाले?" बुढा हसला. गाडीतली सगळी माणसं हसली. गाडी गेली.

त्यानंतर गोरसी बुढा रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचा. माझ्या फोनवरून रामदासला व्हिडिओ कॉल लावायचा. पडद्यावर सुमी दिसली की त्याला राहवत नसे, तो तळहात उचलून सरळ काचेवर तिच्या गालावर ठेवायचा आणि फोन कट व्हायचा. मी ओरडायचो, "आबाजी, हात लावू नका हो." तो ओशाळायचा, मी पुन्हा लावून द्यायचो, तो पुन्हा हात ठेवायचा. शेवटी मंदा त्याचे दोन्ही हात धरून बसू लागली. बोलणं ठरलेलं. "पाय गरम हायेत का?" तिकडून शेवंता: "हाओ मामाजी." बस. बाकी मिरची किती झाली, रामदास कसा आहे, काही विचारायचं नाही. तेवढं ऐकून तो उठायचा आणि अंगावरची फाटकी चादर सारखी करत घरी जायचा. छातीवर वजन नसलं की झोप येत नाही म्हणून रात्री तो जाळ्याची घडी करून छातीवर ठेवायचा. शिशाच्या गोळ्या लावलेलं जाळं, सुमीच्या वजनाचं. पहाटे तलावावर त्याच्या मानेवर दोऱ्याचे वळ दिसायचे.

माघात आभाळ आलं. तेलंगणाकडे आधी पाऊस झाला, रात्रभर, गारांचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुढा घाबऱ्याघाबऱ्या आला. फोन लागला, चित्र नव्हतं, आवाज तुटक. "पाय गरम हायेत का व?"

"हाओ मामाजी," शेवंता म्हणाली. "लय गरम हायेत. सारं आंग गरम हाये."

बुढ्याचा चेहरा असा उजळला की मंदाने त्याचे हात सोडून दिले. "पाह्यलं का?" तो मला म्हणाला. "पान्यात बी गरम ठेवली तिनं. माह्यापक्षा चांगली ठेवली." जाताना वाटेत भेटेल त्याला तो हेच सांगत गेला.

त्याच रात्री वादळ आमच्याकडे आलं. झाडं पडली, खांब वाकले, तारा रस्त्यावर आल्या. मोबाइलचा टॉवर बंद. माझं काम सुरू झालं, आणि गोरसी बुढ्याचंही. मी ज्या खांबावर चढेन त्या खांबाखाली तो उभा. ओली चादर डोक्यावरून घेतलेली, मान वर. "लागला का गा फोन?" मी म्हणायचो, "आबाजी, टॉवरला लाइन गेल्याशिवाय कसा लागेल?" तो मान हलवायचा आणि पुढच्या खांबाकडे चालू लागायचा. माझ्या हातात पक्कड, त्याच्या हातात काहीच नाही, पण आम्ही दोघं मिळून ती लाइन ओढत होतो असं मला वाटायचं.

टॉवर सुरू झाला तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार होती आणि मी खांबावर होतो. खांबावर फोन घ्यायचा नसतो. खिशात फोन वाजला, रामदासचं नाव दिसलं, मी घेतला.

रामदास फार कमी बोलला. तिकडे प्लास्टिक उडालं. गोधड्या भिजल्या, कोट भिजून जड झाला, पेटवायला कोरडी काडी नव्हती. शेवंताने रात्रभर पोरीला अंगाशी धरून ठेवलं. मग पोर गरम झाली. दिवसभर गरमच होती. छाती वाजायला लागली तेव्हा उचलली, दवाखाना दूर होता, रस्त्यात ओढा भरला होता. तिकडेच बांधावर माती दिली.

मी खाली बघितलं. गोरसी बुढा मान वर करून उभा होता. माझ्या कानाला फोन बघून त्याचा चेहरा खुलला होता.

"रामदास हाये का? काय म्हन्ते?" तो खालून ओरडला. "पाय गरम हायेत का इचार गा."

खांबावरून उतरायला मला आयुष्यात इतका वेळ कधी लागला नव्हता. मी खूप फजित्या केल्या आहेत आणि त्या सांगून पोट भरलं आहे. त्या दिवशी खाली उतरून मी त्याला काय सांगितलं, कोणत्या शब्दांत सांगितलं, ते मी मंदालाही सांगितलेलं नाही. तो खांबाला टेकून उभा राहिला. नंतर म्हणाला, "काल तं गरम होती म्हने." मग चालू लागला, तलावाकडे, आणि मी पक्कड घेऊन त्याच्यामागे.

ती दोघं परत आली ती मिरचीच्याच गाडीत, पोत्यांवर बसून. शेवंताच्या अंगात तो कोट होता, वाळून आखडलेला, बटणं लावलेली. ती आंगणात आली आणि उभीच राहिली. तिचे हात बोटांपासून मनगटापर्यंत लाल, भेगाळलेले. तेल, राख, पाणी, कशाचीच आठवण तिला राहिली नसणार. बुढा ओट्यावर होता. त्याने काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने विचारलं नाही आणि तिला तेच सहन झालं नाही.

"मामाजी, पाय गरम होते," ती म्हणाली. "खोटं नाई बोलली मी. आधी लय थंडी पडली होती, मंग आंग असं तपलं, चुल्यावानी. म्या म्हनलं, आता झाली गरम. मामाजीच्या आंगावानी गरम झाली. म्या रामदासले म्हनलं, पाह्य, जमलं मले. मले का मालूम तो ताप होय म्हून."

मला वाटलं बुढा आता कोसळेल, किंवा तिला काहीतरी बोलेल. तो उठला. तिच्यापाशी गेला आणि तिचे दोन्ही हात आपल्या तळव्यांत घेतले. ज्यांना मिरची सोसत नव्हती त्याच तळव्यांत. रामदास म्हणाला, "बाबा, मिरचीचे हायेत हात." बुढ्याने ऐकलं नाही. तो तसाच उभा राहिला, ती रडून थकेपर्यंत. "म्याच शिकवलं तुले," एवढंच तो म्हणाला. "गरम असलं का झालं, म्याच शिकवलं."

संध्याकाळी त्याच्या तळव्यांवर फोड उठले. मंदा तेल घेऊन गेली तर त्याने मुठी मिटून घेतल्या.

त्यानंतर त्याने कुणाचंही लेकरू छातीवर घेतलं नाही. थंडी पडली की बाया सवयीने यायच्या, दारात उभ्या राहायच्या. तो आत निघून जायचा. पाणवठ्यावर कडेवरचं पोर दिसलं की नजर खाली. कोट रामदासने खुंटीला टांगला तो तिथेच राहिला. आमच्या खुराड्यावरचा रेनकोट मी काढायला गेलो होतो एकदा, जाळून टाकावा म्हणून. मंदा म्हणाली, राहू द्या. तो अजून तिथे असेल. त्या घरात जो कुणी नवा लाइनमन आला असेल त्याच्या कोंबड्या पावसात कोरड्या बसत असतील.

पुढच्या हिवाळ्यात माझी बदली सिरोंच्याकडे झाली. सामान गाडीत भरलं, बंटी पुढे बसला. तो आता आपल्या पायांनी पळत होता आणि टोपडं काढून फेकत होता. मी निरोप घ्यायला बुढ्याच्या घरी गेलो. दुपारची वेळ, शेवंता बांधावर गेलेली, दार उघडं. तो बाजेवर उताणा निजला होता, डोळे मिटलेले, श्वास संथ. कूस त्याला परत सापडली नव्हती. जाळ्याची घडी खाली पडली होती. दोन्ही हात छातीवर होते, पण छातीला टेकलेले नव्हते. कोपरं उचललेली, बोटं एकमेकांत अडकवलेली, आणि हातांच्या आत वर्षाचं पोर मावेल एवढी जागा.

मला त्याचा हात एकदा धरायचा होता, अजून गरम आहे का ते बघायला. पण धरला असता तर ती जागा मोडली असती. मी चपला हातात घेऊन बाहेर आलो.